उसाला पाणी देणारा शहाणा एजंट : नवशिक्यांसाठी पहिले पुस्तक (काटेवाडी आवृत्ती)

हे पुस्तक कोणासाठी? ज्यांचा बारामती-इंदापूर रस्त्याच्या अल्याड किंवा पल्याड निदान एकरभर ऊस आहे, विहिरीवर मोटर आहे, घरात कॉम्प्युटर शिकलेले एक पोर आहे आणि त्या पोराला 'एवढं शिकून केलंस काय?' असे रोज विचारणारे एक आबा आहेत, त्या सर्वांसाठी. आबा घरचे नसतील तर शेजारचे चालतील. आबांशिवाय हा अभ्यासक्रम पूर्ण होत नाही.

शहाणा एजंट म्हणजे भोवताली काय चालले आहे ते बघत, दर वेळी मालकाला न विचारता, ठरलेले काम स्वतःच्या अकलेने तडीस नेणारी आज्ञावली. तहसील कचेरीबाहेर बसणारे एजंट या व्याख्येत बसतात का, हा वाद इथे काढू नये.

साहित्य: एक लॅपटॉप, 'जेसन' नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा (फुकट मिळते), मातीतली ओल मोजणारा सेन्सर, मोबाईल स्टार्टर, वायरमनचा चालू असलेला नंबर. शेवटची वस्तू सर्वांत दुर्मिळ आहे, म्हणून आधी ती मिळवावी.

आधी ऑटो समजून घ्या

विहिरीवरच्या पेटीत 'ऑटो' असतो. तीन फेज आली की तो मोटर चालू करतो, गेली की मोटर बंद पडते. ऑटोला काही ठाऊक नसते आणि काही हवेही नसते. रात्री दोनला वीज आली, बाहेर धो धो पाऊस पडतोय, सरीत गुडघाभर पाणी आहे, तरी ऑटो मोटर चालू करतो. आमच्या शास्त्रात याला प्रतिक्षिप्त एजंट म्हणतात, आणि त्याला हसण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यात ही जात जुनी आहे. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठराविक पातळीच्या वर गेले की दरवाजा उघडायचा, खाली आले की मिटायचा. त्या दरवाजांना पुण्याची काळजी नव्हती, पण काम चोख होते.

प्रतिक्षिप्त एजंटांची जमात एकत्र आली तर काय होते, हे पाहायला काटेवाडीबाहेर जायला नको. तुकोबांची पालखी गावात येते तेव्हा तिच्याभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. धनगर त्यांना वळण लावतात हे खरे, पण एकाही मेंढीच्या डोक्यात वर्तुळाचा नकाशा नसतो. पुढचीच्या मागे जायचे आणि शेजारणीला सोडायचे नाही, एवढ्यावर रिंगण पूर्ण होते. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ साली पाखरांचा थवा कॉम्प्युटरवर उडवला तो असल्याच तीन नियमांवर: फार जवळ जाऊ नको, शेजाऱ्यांच्या दिशेने जा, घोळक्याच्या मध्याकडे सरक.

ज्यांचे काम ऑटोने भागते त्यांनी पुस्तक इथेच मिटावे. या विषयावरची बाकीची पुस्तके हा सल्ला देत नाहीत.

समजुती भरणे

अजून वाचताय म्हणजे तुमची मोटर एकदा तरी जळाली असणार. ठीक. शहाण्या एजंटाच्या डोक्यात तीन कप्पे असतात: समजुती, इच्छा आणि संकल्प. पहिला कप्पा भरायला सर्वांत सोपा आहे. समजूत अशी लिहायची:

ओल(प्लॉट_तीन, कमी).

इथेच मराठी माणसाची पहिली अडचण येते. १९७२च्या सुमारास मार्सेयला प्रोलॉग ही तर्कावर चालणारी भाषा जन्मली. पुढे तिच्यात अशी प्रथा पडली की नाव मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू झाले तर ती चल राशी, छोट्याने झाले तर ठरलेली वस्तू. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. आपल्याकडे सगळी अक्षरे एकाच पंगतीला बसतात. प्रोलॉगमध्ये अधोरेषेने सुरू होणारे नावही चल राशीच मानतात. म्हणून या आवृत्तीत 'कोणताही प्लॉट' असे म्हणायचे असेल तर _प्लॉट लिहावे. बाकी जेसनला देवनागरी पचवण्याचे काम घरातल्या पोराने करावे. शिकून काय केलेस, याचे एक उत्तर तरी होईल.

आता खरी खोच. 'ओल पुरेशी नाही' हे दोन तऱ्हांनी लिहिता येते.

not ओल(_प्लॉट, पुरेशी)

~ओल(_प्लॉट, पुरेशी)

पहिल्याचा अर्थ: ओल पुरेशी आहे अशी माझी समजूत नाही. दुसऱ्याचा अर्थ: ओल पुरेशी नाही अशी माझी समजूत आहे. फरक बारीक वाटला तर सेन्सरची वायर उंदराने कुरतडेपर्यंत थांबा. वायर तुटली की ओलीबद्दल काहीच समजूत उरत नाही. पहिल्या तऱ्हेने लिहिलेला एजंट म्हणतो, 'पुरेशी आहे असं कुणी सांगितलं नाही, म्हणजे पुरेशी नाही', आणि रात्रभर पाणी सोडतो. दुसऱ्या तऱ्हेचा गप्प बसतो. सिद्ध झाले नाही म्हणून खोटे धरण्याच्या या रीतीला कीथ क्लार्क यांनी १९७८ साली नीट तार्किक पाया दिला. पण भांडण त्याहून फार जुने आहे. जमिनीवर घडा नाही हे कशावरून कळते? दिसत नाही यावरून, असे म्हणत भाट्ट मीमांसकांनी 'अनुपलब्धी' हे वेगळे प्रमाण मानले, आणि लगेच त्याला अट घातली: घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, यावरून काही ठरत नाही. तुटलेली वायर म्हणजे अंधार. एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकात गाडी लिहिलेली नाही म्हणजे ती नाही, हे चालते, कारण असती तर लिहिली असती. मातीला असे वेळापत्रक नसते. म्हणून मातीसाठी नेहमी दुसरी तऱ्हा वापरावी.

समजुतींचे तर्कशास्त्र हिन्टिका यांच्या १९६२च्या पुस्तकापासून रुळले. एजंटांसाठी त्याचे जे रूप सहसा घेतात त्याचे नियम थोडक्यात असे: समजुती एकमेकींच्या विरुद्ध नसाव्यात, जे मानतो ते आपण मानतो हे एजंटाला कळावे, जे मानत नाही ते आपण मानत नाही हेही कळावे. मानलेले खरेच असावे असा नियम मात्र मुद्दाम ठेवलेला नाही, कारण तो लावला की समजुतीचे ज्ञान होते आणि एवढी ऐपत सेन्सरची नसते. शिवाय या तर्कशास्त्रात एजंट आपल्या समजुतींचे सगळे निष्कर्षही मानतो, कितीही लांबचे असोत. चावडीवर बसून हे नियम कोणाला लागू पडतात ते पाहावे. पहिल्यालाच बहुतेक जण गळतात.

समजुती आता बारामतीत तयार मिळतात, हेही सांगायला हवे. कृषी विकास प्रतिष्ठान, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांनी मिळून उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प उभा केला. उपग्रहाची चित्रे, हवामान केंद्र आणि मातीतले सेन्सर यांची माहिती एकत्र करून शेतकऱ्याला मोबाईलवर सल्ला जातो: इथे पाणी द्या, तिथे खत कमी करा. पहिल्या टप्प्यात सुमारे १००० शेतकरी घेतले. जानेवारी २०२५मध्ये खुद्द सत्या नाडेला यांनी त्याचे कौतुक केले आणि बारामतीचा ऊस जगाच्या तोंडी गेला. काम मोलाचे आहे. पण आपल्या तीन कप्प्यांच्या हिशेबाने पाहिले तर सल्ला हा पहिल्या कप्प्याचा माल आहे. पाणी हवे की नको, आज की उद्या, वीज गेली तर पुन्हा उठायचे की झोपायचे, हे स्टार्टरपाशी उभा असलेला माणूसच ठरवतो. पुस्तकाचा उरलेला भाग त्या माणसाला घरी झोपवण्याचा प्रयत्न आहे.

इच्छा

इच्छा कितीही ठेवा. त्या एकमेकींच्या विरुद्ध असल्या तरी चालते. एकरी शंभर टन हवेत, पाणी वाचावे, झोप मिळावी, खर्च होऊ नये. हा कप्पा आबांना भरू द्यावा.

संकल्प, म्हणजे खरा विषय

अमेरिकी तत्त्वज्ञ मायकेल ब्रॅटमन यांनी १९८७ साली एक साधी गोष्ट बजावली: इच्छा आणि संकल्प एक नव्हेत. संकल्प केला की माणूस त्याच्याभोवती बाकीचे बेत रचतो, दर पाच मिनिटांनी पहिल्यापासून विचार करत नाही आणि संकल्पाच्या आड येणारे पर्याय मनातही आणत नाही. आनंद राव आणि मायकेल जॉर्जफ यांनी १९९१मध्ये या तिन्ही कप्प्यांचे तर्कशास्त्र मांडले. त्यात काळ झाडासारखा फांद्या फुटत पुढे जातो आणि एजंट कोणत्या फांद्या शक्य मानतो, कोणत्या हव्याशा मानतो, कोणत्या धरून चालतो, ते सूत्रांत लिहितात. सूत्रे सुंदर होती, चालत मात्र नव्हती. दुसरीकडे चालणारी यंत्रणा होती, तिला सूत्रे नव्हती: जॉर्जफ यांच्याच गटाची एक प्रणाली अवकाशयानाची दिशा राखणाऱ्या यंत्रणेतले बिघाड शोधण्यासाठी वापरून पाहिली गेली होती. १९९६ साली राव यांनी चालणाऱ्या यंत्रणेकडे पाहून एक आटोपशीर भाषा लिहून काढली, एजंटस्पीक. जेसन ही तिचीच पुढची पिढी. राफाएल बोर्दिनी आणि जोमी ह्युब्नर यांनी ती घडवली. म्हणजे आधी बैल चालला, मग त्याच्या चालीचे व्याकरण झाले. मला हे प्रामाणिक वाटते.

तर, पहिला नियम लिहा:

+!पाणी_दे(_प्लॉट) : वीज(तीन_फेज) & ~ओल(_प्लॉट, पुरेशी) <- मोटर(चालू); ओल_पुरेपर्यंत_थांब(_प्लॉट); मोटर(बंद).

उद्गारचिन्ह म्हणजे साधायचे ध्येय. दोन टिंबांनंतर परिस्थिती. बाणानंतर करायची कामे, ओळीने. हा नियम आबांना मोठ्याने वाचून दाखवावा. आबा विचारतील, "आन् वाफसा कुठाय ह्याच्यात?" हा प्रश्न वहीत लिहून घ्यावा आणि पुढे जावे.

आता कसोटी. संकल्प सोडायचा कधी? राव आणि जॉर्जफ यांनी तीन जातींची निष्ठा सांगितली आहे. तिन्ही आपल्या विहिरीवर चालवून पाहू.

आंधळी निष्ठा: काम झाले अशी समजूत होईपर्यंत सोडायचे नाही. विहीर तळाला गेली, फुटव्हॉल्व्ह हवा ओढू लागला, तरी एजंट मोटर बंद करत नाही, कारण प्लॉट अजून भिजलेला नाही. वाइंडिंगच्या वासाने घर जागे होते. रिवाइंडिंगचा खर्च हीच या धड्याची फी.

एकमार्गी निष्ठा: काम झाले, किंवा होणेच शक्य नाही अशी समजूत झाली, की सोडायचे. मोटर वाचते. एजंट शहाणा वाटू लागतो. मग एक दिवस तोड आली, ऊस गेला, आबांनी खोडवा न ठेवता रान मोडायचे ठरवले. पाणी देणे अजून शक्य आहे, आणि झालेले तर नाही. एजंट मोकळ्या रानाला निष्ठेने पाणी पाजत राहतो.

मोकळी निष्ठा: काम झाले, किंवा ते ध्येयच उरले नाही, की सोडायचे. हीच बरोबर, असे वाटून तुम्ही ध्येये ठरवण्याचे काम आबांच्या हाती देता. आबांचे ध्येय चहागणिक बदलते. दिवसभरात एजंट मोटर अकरा वेळा चालू-बंद करतो आणि स्टार्टरचे कॉन्टॅक्ट जळतात.

यावर प्रयोग झाले आहेत. डेव्हिड किनी आणि जॉर्जफ यांनी १९९१ साली बदलत्या पटावर दोन स्वभावांचे एजंट सोडले: एक ठरवलेले तडीस नेणारा, दुसरा पावलोपावली फेरविचार करणारा. जग संथ बदलत असेल तर पहिला सरस ठरला, कारण फेरविचारालाही वेळ लागतो; भराभर बदलत असेल तर दुसरा. काटेवाडीत अडचण अशी की दोन्ही जगे एकाच बांधाच्या आत आहेत. आडसाली ऊस सुमारे दीड वर्ष रानात उभा असतो. वीज मिनिटागणिक बदलते. म्हणून माझ्या मते एजंट एकच ठेवावा, पण पिकाच्या संकल्पात हट्टी आणि विजेच्या संकल्पात चंचल. पुस्तकातल्या लोकांनी 'एका एजंटाचा एक स्वभाव' धरला, कारण त्यांच्यापैकी कोणी रात्रपाळीला दारे धरली नव्हती.

दोन खड्डे मात्र पुस्तकवाल्यांनी बरोबर ओळखले आहेत.

पहिला ड्र्यू मॅकडर्मट यांनी १९८२मध्ये दाखवला. आपल्या विहिरीवर तो असा दिसतो. एजंट संकल्प करतो: पाणी तळाला जायच्या आत मोटर बंद करायची. संकल्प केला म्हणून तो समजूत करून घेतो की मोटर वेळेत बंद होणार. वेळेत बंद होणारच आहे, मग धोका कसला? धोका नाही, तर संकल्प कशाला? संकल्प सुटतो. मोटर जळते. तर्कात कुठेही चूक नाही.

दुसरा खड्डा आडपरिणामांचा. रात्री पाणी द्यायचे म्हणजे झोपमोड होणार, हे एजंटाला माहीत आहे. भोळ्या तर्कशास्त्रात, ज्याचा संकल्प केला त्याच्या सगळ्या परिणामांचाही संकल्प होतो. मग एखाद्या रात्री पाणी सुरळीत दिले गेले आणि तुम्ही गाढ झोपलेले असलात तर काम अपुरे राहिले असे धरून एजंट तुम्हाला फोन करून उठवेल. फिलिप कोहेन आणि हेक्टर लेव्हेक यांनी १९९०मध्ये 'संकल्प म्हणजे बांधिलकी असलेली निवड' अशी व्याख्या केली ती बऱ्याच अंशी हे टाळण्यासाठी. त्यांचे उदाहरण दाताच्या डॉक्टरचे आहे. आपल्याला ही झोपमोड पुरे.

शेजाऱ्यांचे एजंट

एकट्याचा एजंट फार दिवस एकटा राहत नाही. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले की पाटकरी, वरचा शेतकरी आणि खालचा शेतकरी हे सगळे एकमेकांना निरोप धाडू लागतात. तोडीच्या दिवसांत त्यात ऊसतोड टोळीचा मुकादमही येतो. जेसनमध्ये निरोप असा जातो:

.send(मुकादम, achieve, तोड(प्लॉट_तीन)).

म्हणजे मुकादमाच्या डोक्यात 'प्लॉट तीन तोडायचा' हे ध्येय टाकायचे. ज्याने ही आज्ञा पहिल्यांदा वाचली त्या प्रत्येक ऊस उत्पादकाच्या डोळ्यांत चमक येते. पण ध्येय टाकणे आणि ते मुकादमाने धरणे या दोन गोष्टी आहेत. समोरचा एजंट कोणाचे निरोप मानायचे ते स्वतः ठरवतो.

मुकादमाचे उत्तर येते: टोळी उद्या येते. हे विधान समजायचे की वचन? एजंटांच्या संभाषणाचे पहिले प्रमाण-नियम असे होते की बोलणारा जे सांगतो ते त्याने मनातून मानलेले असावे. मुनिंदर सिंग यांनी १९९८मध्ये विचारले, दुसऱ्याच्या मनात शिरून हे तपासणार कोण? त्यांचा पर्याय असा: मनाचा नाद सोडा, चारचौघांत दिलेली बांधिलकी मोजा. त्याआधी, १९९३ साली, योआव शोहॅम यांनी एजंटांसाठी मुद्दाम भाषा बनवायची कल्पना मांडली तेव्हाही दुसऱ्याला दिलेली बांधिलकी हा त्यांच्या भाषेचा एक पायाच होता. ऊसपट्ट्याला हे नवे नाही. इथे कोणी मुकादमाचे मन तपासत नाही. उचल किती दिली आणि कागद झाला का, ते पाहतात. कागद झाल्यावरही टोळी येत नाही, हा भाग शास्त्रात अजून आलेला नाही.

नेहमीच्या अडचणी

एजंट हलत नाही. आधी वीज पाहा. मग डीपी पाहा. तर्कशास्त्र शेवटी पाहा.

एजंट म्हणतो ओल कमी, आबा म्हणतात वाफसा आहे, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही मापात. आबांचे ऐका आणि सेन्सर एक वीत खाली पुरा. 'कमी' आणि 'पुरेशी' या दोन खुंट्यांवर माती टांगता येत नाही, हे आबा पहिल्या नियमापासून सांगत होते. वहीत पाहा.

हे सगळे कशाला, आता चॅटबॉटलाच मराठीत सांगितले तर? सांगा. तो गोड बोलेल, कामही करील. फक्त त्याला विचारा, तुझा संकल्प लिहिला आहे कुठे आणि तो नेमका कधी सुटतो? उत्तर मिळेल, तेही गोडच. जेसनमध्ये उत्तर नियमात दिसते.

एजंट बरोबर चालतोय हे सिद्ध कसे करायचे? अमिर प्नुएली यांनी १९७७मध्ये प्रोग्रॅमबद्दल बोलायला काळाचे तर्कशास्त्र आणले. २००३च्या सुमारास बोर्दिनी, मायकेल फिशर आणि सहकाऱ्यांनी ते एजंटस्पीकच्या प्रोग्रॅमना लावून यंत्राकडून तपासून घेतले. त्यात विधाने दोन जातींची असतात. 'अमुक कधीच होणार नाही' हे मोडले तर कोणत्या क्षणी मोडले ते बोट ठेवून दाखवता येते. 'अमुक कधीतरी होईल' हे कोणत्याही दिवशी खोटे ठरवता येत नाही, कारण उद्या शिल्लक असतो.

स्वाध्याय. पुढील विधाने कोणत्या जातीची ते लिहा. (अ) मोटर कोरडी चालणार नाही. (आ) टोळी येईल. (इ) शेवटच्या माणसापर्यंत पाटाचे पाणी पोचेल. (ई) गावाचा पाणंद रस्ता होईल. (उ) ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळतील, न मिळाल्यास १५ टक्के व्याज.

सूचना: शेवटचे विधान १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशातले आहे. दिसायला ते (आ) आणि (इ) यांच्या जातीचे आहे, पण मुदत घातल्यामुळे ते (अ)च्या जातीत जाते: पंधराव्या दिवशी ते मोडले की नाही हे पासबुक उघडून सांगता येते. (आ), (इ) आणि (ई) यांना अशी मुदत घालून ती पुन्हा लिहा आणि संबंधितांची सही घ्या. सही मिळाल्यास उत्तरपत्रिकेला जोडा.